एफॉ रिरोला दरवेळी पाणी का सुटतं?

एफॉ रिरो ही नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांची घट्ट पालेभाजी. कढईत असते तोवर ती अगदी हवी तशी दिसते. वर लालसर तेल, मध्ये हिरवीगार पानं, सुक्या मासळीचा दरवळ. ताटात इयानच्या, म्हणजे उकडून कुटलेल्या याम कंदाच्या, गोळ्याशेजारी वाढली की मात्र पाच मिनिटांत तिच्या कडेनं पाणी ओघळायला लागतं. इयान खालून भिजतो, घास धरता येत नाही, पानं एकीकडे आणि पाणचट लाल रस्सा दुसरीकडे. चव वाईट नसते, पण ती एफॉ रिरो नसते.

लागोसला आल्यावर पहिली दोन वर्षं माझी भाजी अशीच होत होती. इथल्या ओळखीच्या मराठी घरांत, आणि पुण्या-मुंबईहून कृती विचारणाऱ्या मैत्रिणींकडेही तक्रार हीच असते. उपायही सगळ्यांचा एकच: शेवटी आच मोठी करायची आणि पाणी आटवायचं. पाणी आटतं, पण तोवर पानं काळपट पडून त्यांचा लगदा झालेला असतो. मग पुढच्या वेळी कुणी डाळीचं पीठ लावतं. मीही लावलं होतं. त्यानं आपल्याकडची पातळ भाजी होते, योरुबा घरातली एफॉ रिरो होत नाही.

मला हे उमगलं ते शेजारच्या इयांमुळे. इया म्हणजे योरुबात आई. मूल झालं की बाईला तिच्या मुलाच्या नावावरून ‘अमक्याची इया’ म्हणून हाक मारायची इथे रीत आहे, आणि वडीलधाऱ्या बाईला नुसतं इया म्हटलं तरी चालतं. त्या एक दिवस माझ्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, मी काय काय करते ते शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तू सगळं पाणी आधी भांड्यात घालतेस आणि मग ते बाहेर काढायला बघतेस.” मी तर वाटीभरही पाणी ओतलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

पालकात वजनाच्या सुमारे ९१ टक्के पाणी असतं, माठात जवळपास तेवढंच. लाल ढोबळ्या मिरचीत ९२ टक्के, कांद्यात ८९, टोमॅटोत ९४-९५. म्हणजे एक किलो पालक आणि अर्धा किलो मिरच्या-कांदे कढईत पडले की सव्वा लिटरहून जास्त पाणी कढईत आलं, तुम्ही नळाखाली भांडं धरा वा धरू नका. एफॉ रिरोची सगळी मेख एवढीच आहे: हे पाणी पानं आणि तेल एकत्र येण्याआधी गेलेलं असलं पाहिजे. नंतर ते काढायला गेलात की पानांचा बळी जातो.

नावातही तेच आहे. एफॉ म्हणजे पालेभाजी आणि रिरो म्हणजे ढवळलेली. आधी मिरचीचं वाटण तेलात परतून परतून घट्ट करायचं आणि शेवटी पानं त्यात ढवळायची. पानं त्यात शिजवत ठेवायची नसतात.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

भाजी बिघडली की लगेच पुढच्या वेळेचे बेत करू नका. ताटात सुटलेलं पाणी नीट बघा, ते सांगतं चूक कुठे झाली.

पाणी हिरवट आणि जवळजवळ पारदर्शक असेल, तर ते पानांचं आहे. लाल पण पातळ असेल, त्यात मिरचीचे कण तरंगत असतील आणि चवीला कच्ची मिरची लागत असेल, तर वाटण परतलं गेलेलं नाही. करडं, थोडं गढूळ, वर तेलाचे वेगळे थेंब असतील, तर मटणाचा किंवा मासळीचा रस्सा जास्त पडला. आणि कढईत भाजी चांगली घट्ट होती पण तासाभरानं डबा उघडला तर तळाशी पाणी, असं असेल तर ती वाफ आहे, झाकणाला लागून परत भाजीत पडलेली.

माझ्याकडे पहिली तिन्ही एकदम होती, म्हणून मला दोन वर्षं लागली. बहुतेकांची अडचण मात्र पानांपाशीच असते.

पानं

लागोसच्या बाजारात एफॉ रिरोसाठी मुख्यतः तीन भाज्या मिळतात: शॉकॉ, तेते आणि उगू. तिन्हींचा पाण्याचा स्वभाव वेगळा आहे आणि कृतींमध्ये हे क्वचितच सांगितलेलं असतं.

शॉकॉची जुडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ती ओळखीची वाटली, आणि निघालीही ओळखीचीच. शॉकॉ म्हणजे आपली कुर्डू. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी, आजी खुडून आणायची ती रानभाजी. दोन्हींचं शास्त्रीय नाव एकच, सेलोशिया अर्जेंशिया. आपल्याकडे ती कुणी पेरत नाही, इथे नैर्ऋत्य नायजेरियात तिची रीतसर लागवड होते आणि योरुबात तिला लाडानं शॉकॉ यॉकॉतॉ म्हणतात, म्हणजे नवऱ्याला गुटगुटीत आणि खूश ठेवणारी. एफॉ रिरोसाठी माझी पहिली पसंती तीच. पानं शिजूनही अंग धरून राहतात, लगदा होत नाही. तिला उकळत्या पाण्यातून काढलं की पाणी काळपट होतं. ते पाहून घाबरू नका, पानं हिरवीच राहतात. ते पाणी मात्र फेकून द्यायचं.

तेते म्हणजे माठाच्या कुळातली भाजी. महाराष्ट्रात करणार असाल तर हिरवा माठ किंवा राजगिऱ्याची कोवळी पानं अगदी जवळची आहेत. लाल माठ नको, सगळ्या भाजीला जांभळा रंग येतो. तेतेची पानं पातळ, पटकन आळणारी. तिचे जून देठ घेतले तर भाजी तुरट लागते आणि पाणीही जास्त सुटतं, म्हणून निवडताना कोवळी शेंडी आणि पानंच घ्यायची.

उगू हा भोपळ्याच्या कुळातला वेल. पानं जाड, गडद आणि मानानं कोरडी. उगूला उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. बारीक चिरून शेवटी टाकली की झालं, उलट थोडा ओलावा ती स्वतःच शोषून घेते. भारतात उगू मिळत नाही, पण लाल भोपळ्याच्या वेलाची कोवळी पानं शिरा काढून वापरली तर पोत बराच जुळतो.

राहिला पालक. परदेशातले बहुतेक लोक पालक वापरतात आणि पाण्याची तक्रार सर्वात जास्त त्यांचीच असते. पालकाची पेशी नाजूक, उष्णता लागली की लगेच फुटते आणि सगळं पाणी सोडते. पालकच वापरायचा असेल तर पिळण्यात जराही हयगय करू नका. गोठवलेला पालक असेल तर तो आधी पूर्ण वितळू द्या, मग पिळा. गोठताना बर्फाच्या कणांनी त्याच्या पेशी आधीच फाटलेल्या असतात, त्यामुळे त्याला उकळत्या पाण्याची गरज नसते, फक्त पिळण्याची असते. मायाळू मात्र या भाजीत घालू नका. ती इथेही खातात, पण तिचा बुळबुळीतपणा वाटणाला तेल सोडू देत नाही.

आता पद्धत. पानं चिरण्याआधी धुवा. बाजारात भाजीवाली मांडीवर जुडी धरून धारदार सुरीनं झपाझप बारीक चिरून देते, ते बघत राहावंसं वाटतं, आणि घरी येऊन आपण तीच चिरलेली भाजी धुतो. चिरलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं आणि जीवनसत्त्वं बाहेर जातात, नुकसान दोन्हीकडून. मी हल्ली अख्खी जुडीच घरी आणते. अख्खी पानं दोन-तीन पाण्यांतून काढायची, रोळीत निथळायची, पंच्यावर पसरून अर्धा तास ठेवायची आणि मग बोटभर रुंद चिरायची. फार बारीक चिरलीत तर पिळताना लगदा होतो.

मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळा. पाणी कमी असेल तर पानं पडताच उकळी मोडते आणि पानं उकडण्याऐवजी मुरत बसतात. शॉकॉला दोन मिनिटं, तेतेला एक मिनिट, पालकाला अर्धं मिनिट. झाऱ्यानं काढून थेट थंड पाण्यात टाका, म्हणजे शिजणं तिथेच थांबतं. इया एवढं करत नाहीत. चाळणीत चिरलेली भाजी ठेवून त्या वरून उकळतं पाणी ओततात, पाच मिनिटं झाकतात, मग गार पाण्याचा हबका मारतात. शॉकॉसाठी तेवढं पुरतं. या पायरीनं पानांतलं विरघळणारं ऑक्झॅलिक आम्लही बरंच निघून जातं. माठ-पालक खाऊन घशात-दातांवर येणारी ती खरखर त्याचीच.

आणि आता पिळणं. लोक इथे दमतात. आपण कोथिंबीर-काकडी पिळतो तसं हलक्या हातानं नाही. मूठभर पानं घ्या, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून गोळा करा, पाणी थेंबाथेंबानं येणं थांबेपर्यंत दाबा. मी एकदा मुद्दाम वजन केलं होतं: एक किलो शॉकॉ उकळून पिळल्यावर अर्ध्याहून कमी भरली. तुमची तशी भरत नसेल तर पाणी अजून आत आहे. पिळल्यावर तयार झालेले गोळे बोटांनी मोकळे करून ताटात पसरून ठेवायचे, नाहीतर वाटणात त्यांच्या गुठळ्या राहतात आणि त्या गुठळ्यांच्या पोटात पुन्हा पाणी.

वाटण

एफॉ रिरोचं वाटण तीन मिरच्यांचं. तताशे, म्हणजे लांबट, गोडसर लाल मिरची, रंगासाठी आणि अंगासाठी. रोडो, म्हणजे छोटी, गोल, सुरकुतलेली आणि अतिशय तिखट. शॉम्बो, म्हणजे बारीक लांब लाल मिरची, मधल्या तिखटासाठी. शिवाय कांदा. एक किलो पानांना मी चार मोठ्या तताशे, दोन रोडो, दोन शॉम्बो आणि एक मोठा कांदा घेते, आणि वेगळा एक कांदा चिरून फोडणीला.

रोडोचं तिखट एक लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं माप) घरात असतं, त्यामुळे घाबरून लोक ती वगळतात आणि भरपाई म्हणून तताशे वाढवतात. इथेच पाणी वाढतं. तताशे म्हणजे बव्हंशी पाणी. तिखट कमी हवं असेल तर रोडो एकच घ्या, बिया आणि आतली पांढरी शीर काढून टाका, पण तताशेचं प्रमाण तेच ठेवा. रोडोला तिखटाखेरीज फळासारखा जो वास आहे तो दुसऱ्या कुठल्या मिरचीत नाही, म्हणून निदान एक तरी असू द्या.

टोमॅटो? जुन्या पद्धतीत नाही. घालणारे घालतात, पण माझं मत स्पष्ट आहे: पाणी सुटण्याची तक्रार असेल तर टोमॅटो आधी बंद करा. २०१६ साली उत्तर नायजेरियातल्या कडुनाकडच्या शेतांमध्ये टुटा अब्सोलुटा नावाच्या पतंगाच्या अळीनं टोमॅटोचं पीक उद्ध्वस्त केलं होतं, लोक त्या रोगाला ‘टोमॅटो इबोला’ म्हणत. लागोसच्या माइल १२ बाजारात टोमॅटोच्या टोपलीचे भाव ऐकून घाम फुटायचा. त्या काही महिन्यांत जोलॉफ, म्हणजे टोमॅटोच्या वाटणात शिजवलेला भात करणाऱ्या बायका हवालदिल झाल्या होत्या. एफॉ रिरोला काहीच फरक पडला नाही, आणि माझ्या घरी तर ती तेव्हाच पहिल्यांदा घट्ट झाली.

वाटण भरड हवं. इथे जुन्या घरांत ऑलॉ असतो, म्हणजे पाटा, आणि वरच्या दगडाला म्हणतात ऑमॉ ऑलॉ, पाट्याचं बाळ. बारशाला वरवंट्याला कुंची घालून गोप्या करणाऱ्या आपल्या लोकांना हे नाव ऐकून किती आपलं वाटेल! पाट्यावर पाणी न घालता मिरची रगडली जाते, म्हणून जुन्या एफॉ रिरोला पाण्याचा प्रश्न कमी. मिक्सर पाण्याशिवाय फिरत नाही, म्हणून आपण अर्धी वाटी ओततो आणि तिथेच गाडी घसरते. मिक्सरमध्ये आधी कांदा घाला, त्याच्या पाण्यावर बाकीचं फिरतं. थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे फेरे द्या. एवढं करूनही पाणी घालावंच लागलं, तर ते वाटण थेट तेलात ओतू नका. कोरड्या पातेल्यात, तेलाशिवाय, मध्यम आचेवर ठेवून आटवा. चमच्यानं ओढल्यावर तळ दिसला आणि दोन सेकंद दिसत राहिला की पुरे. इथल्या बायका आठवड्याचं वाटण असं एकदम आटवून फ्रिजमध्ये ठेवतात.

मग तेल. लाल पामतेल, एपो पुपा. आपल्याकडे रेशनवर मिळायचं ते पामतेल किंवा पामोलिन हे नव्हे. ते शुद्ध करून रंग-वास काढलेलं असतं. हे कच्चं, गर्द केशरी, कॅरोटिननं भरलेलं. गार हवेत ते तुपासारखं थिजतं, पुण्याच्या थंडीत बाटलीतून बाहेरच येणार नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं एकसारखं पातळ करून मगच मोजा, नाहीतर वरचं पातळ तेल आधी संपतं आणि खालचा घट्ट भाग उरतो.

एक किलो पानांना मी १२० ते १५० मिली तेल घेते. हा आकडा ऐकून माणसं थबकतात, आणि मला तब्येतीची काळजी समजते. पण तेल निम्मं केलंत तर वाटण परतलं जात नाही, ते शिजतं, आणि शिजलेलं वाटण पाणी धरून ठेवतं. कमी तेलाची भाजी हवी असेल तर भाजी कमी खा, पण ती नीट करा. हे पाच-सहा माणसांचं प्रमाण आहे.

तेल मध्यम आचेवर तापवा. इथे पामतेल ‘ब्लीच’ करायची पद्धत आहे, म्हणजे रंग उडून सोनेरी होईपर्यंत तापवायचं. दुसऱ्या रश्श्यांना ते करतात. एफॉ रिरोसाठी नको. रंग जातो, कॅरोटिन जातं, आणि घरभर धूर होतो. तेल पातळ होऊन कांदा टाकल्यावर चरचरलं की झालं. कांदा मऊ झाला की दोन मोठे चमचे इरू, म्हणजे आंबवलेल्या लोकस्ट बीनचे दाणे, टाका, त्याचा वास तेलात उतरू द्या, मग वाटण.

इथून १५ ते २० मिनिटं घाई नाही. आच मध्यम, झाकण नाही, दर दोन मिनिटांनी ढवळणं. आधी वाटण खळखळतं, शिंतोडे उडतात, कच्चा वास येतो. मग आवाज बदलतो. खळखळ थांबून तळल्यासारखी बारीक चरचर सुरू होते. तो आवाज म्हणजे वाटणातलं पाणी संपलं आणि आता तेल काम करतंय. आपण मसाल्याला ‘तेल सुटलं’ म्हणतो तेच हे. कडेनं केशरी तेल वेगळं दिसतं, वाटणाचा रंग लालभडक न राहता विटकरी होतो. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला ही खूण शिकवावी लागत नाही. फक्त नवा पदार्थ म्हणून आपण आपलं जुनं शहाणपण बाजूला ठेवतो, आणि कृतीत ‘दहा मिनिटं’ लिहिलंय म्हणून दहाव्या मिनिटाला पानं टाकतो. घड्याळाकडे बघू नका, चरचरीकडे कान द्या.

रस्सा, मासळी आणि मीठ

मटण किंवा बीफ, शाकी म्हणजे वजडी, पॉन्मो म्हणजे गुरांची कातडी, हे सगळं आधी वेगळं शिजवतात. शिजवताना पाणी कमीच घाला आणि शेवटी झाकण काढून आटवा, उरेल तो रस्सा अर्धी वाटी. बाजूला काढलेला रस्सा चवदार असतो म्हणून सगळा ओतायचा मोह होतो. तो आवरा. परतलेल्या वाटणात दोन-तीन चमचे घाला, बाकीचा उद्याच्या भाताला.

भाजलेला मागूर आणि स्टॉकफिश (वाळवलेला कॉड मासा) गरम पाण्यात भिजवून, काटे काढून, हातानं दाबून घ्या. सुकी मासळीही स्पंजासारखी पाणी धरते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. इथे क्रेफिश म्हणतात ती पूड म्हणजे बारीक सुकवलेल्या कोळंबीची. कोकणातला सुका जवळा किंवा सोडे तव्यावर भाजून कुटले तर ती उणीव जवळजवळ भरून निघते. पूड थोडा ओलावाही शोषते, म्हणून ती पानांच्या आधी टाका.

मीठ वाटणातच. पानं पडल्यावर वरून मीठ भुरभुरलंत तर ते पानांतलं उरलंसुरलं पाणी बाहेर खेचतं. स्टॉकच्या वड्या, क्रेफिश, इरू, रस्सा, सगळं आधीच खारट असतं, तेव्हा चव बघून, पानांच्या अंदाजानं मीठ वाटणातच किंचित चढं ठेवा.

पानं टाकताना

रुंद कढई किंवा पसरट पातेलं घ्या. उभट डब्यासारख्या भांड्यात वाफेला जागा मिळत नाही. आच मोठी करा, पानं मोकळी करून टाका, ढवळा, आणि झाकण ठेवू नका. झाकणाखाली दोन गोष्टी होतात. वाफेचं पाणी परत पडतं, आणि पानांतून निघणारी आम्लं आत कोंडली जातात. आम्ल आणि उष्णता मिळून क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. काळपट भाजीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पाच मिनिटं पुरे, फार तर सात. मग आच बंद करा, आणि त्यानंतरही दहा मिनिटं उघडीच राहू द्या.

एदिकांग इकॉन्गची कृती वापरत असाल तर

पाण्याच्या तक्रारीचं एक कारण असंही असतं की माणूस करतो एफॉ रिरो आणि पाहतो दुसरीच कृती. आग्नेय नायजेरियातल्या कलाबारकडच्या एफिक लोकांची एदिकांग इकॉन्ग दिसायला सारखी आहे, पण तिचं गणित उलटं. तिच्यात वॉटरलीफ नावाची रसरशीत भाजी आधी टाकतात. ती इतकं पाणी सोडते की बाहेरचं पाणी घालतच नाहीत, तिचंच पाणी हा रस्सा. मग भरपूर उगू टाकतात आणि ती कोरडी पानं तो रस्सा पिऊन घेतात. तिथे पानं न पिळणंच बरोबर आहे. पण उगू नसताना वॉटरलीफऐवजी पालक आणि उगूऐवजीही पालक घेतलात, तर पिणारं कुणी नाही आणि सोडणारे सगळे. भारतात करायची असेल तर सरळ एफॉ रिरोच करा.

बिघडलीच तर

पाहुणे यायचेत आणि कढईत पाणी दिसतंय. आच वाढवू नका. झाऱ्यानं पानं आणि मटण वर काढा, चाळणीत ठेवून चमच्यानं दाबा. कढईत उरलेलं पातळ वाटण एकटंच मोठ्या आचेवर ठेवा, पुन्हा ती चरचर ऐकू येईपर्यंत. साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. दाबून निघालेलं पाणीही चवीचं असतं, ते यातच आटवा. मग पानं परत घालून एक मिनिट ढवळा आणि उतरवा. पहिल्या प्रयत्नाइतकी हिरवी राहत नाही, पण पानं शाबूत राहतात आणि इयान भिजत नाही.

पीठ, शेंगदाण्याचं कूट, ब्रेडचा चुरा काही लावू नका. एगुसीच्या (कलिंगडासारख्या फळाच्या) बियांची पूड घातली तर पाणी नक्की शोषलं जातं आणि चवही सुंदर होते, पण मग तिला एफॉ एलेगुसी म्हणतात. तो वेगळा पदार्थ आहे, त्याला त्याच्या नावानं वाढा.

आणखी दोन-तीन तक्रारी

भाजी कडू झाली तर तेल जळलं का ते आठवा, नाहीतर एवुरो या कडू पालेभाजीची पानं घातली असतील आणि ती नीट चोळून, फेस जाईपर्यंत धुतली नसतील. इरूत कधी खडे-वाळू असते, म्हणून कोमट पाण्यात हलवून वरचे दाणे अलगद काढून घ्या. आणि इरूचा वास उग्र वाटला तर प्रमाण कमी करा, पण वगळू नका. शाकाहारी घरात मासळी नसेल तेव्हा तर भाजीचा सगळा भार इरूवरच असतो. तिथे मी इरू दुप्पट घेते आणि अळंबी तेलात कोरडी परतून घालते. अळंबीही पाणी सोडतात, म्हणून त्याही आधीच परतायच्या.

उरलेली भाजी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा रुंद कढई, पुन्हा झाकण नाही, आणि मायक्रोवेव्ह शक्यतो नको. भाजी गरम झाली की उलथन्यानं मधोमध एक रेघ ओढा. रेघेत हळूहळू केशरी तेल भरत आलं तर वाढा. पाणी धावत आलं तर अजून दोन मिनिटं तशीच उघडी परता.